गप्प राहण्याची भाषा

प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात? मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी वर्गांमधली ध्वनिमुद्रणं ऐकून हे मोजलं. १९७४ साली त्यांनी मांडलेलं उत्तर असं : साधारण एक सेकंद. तेच तीन सेकंद थांबलं, की उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी ऐकू येतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. हुशार समजल्या गेलेल्या मुलासाठी शिक्षक अधिक थांबतात आणि कच्च्या समजल्या गेलेल्यासाठी कमी, हेही त्यांना आढळलं.

शिक्षकांसाठीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करताना हे वाचलं, तेव्हा मला मेळघाटातली एक द्विशिक्षकी शाळा आठवली. तिथे मी दोन दिवस मागच्या भिंतीला टेकून बसले होते. पहिली ते तिसरीची मुलं एकाच खोलीत. मॅडम तिसरीला वजाबाकी देत होत्या, पहिलीची पाटी तपासत होत्या, मधूनच खिचडी शिजली का ते पाहत होत्या. दुपारपर्यंत कुठलीशी माहिती मोबाइलवर भरायची होती. एका मुलाच्या अंगात ताप होता. या सगळ्यात त्यांनी दुसरीतल्या एका मुलीला प्रश्न विचारला. ती गप्प राहिली. प्रश्न लगेच शेजारच्या मुलाकडे गेला. त्याने उत्तर दिलं, वर्ग पुढे सरकला.

मधल्या सुट्टीत मॅडम आपणहून म्हणाल्या, “ती गप्प बसली ना, की माझ्या पोटात गोळा येतो. वाटतं, आपलंच शिकवणं फसलं. मग जो बोलतो त्याच्याकडे वळते. तेवढाच धीर येतो.”

बाहेरून पाहणाऱ्याला हा पक्षपात वाटेल. पण डोक्यात एका वेळी मावतं ते थोडंच. पाच गोष्टी आधीच तिथे बसलेल्या असल्या, तर सहावीसाठी, म्हणजे त्या मुलीच्या गप्प राहण्याचा अर्थ लावण्यासाठी, जागा कुठून यायची? तिथे निर्णय विचार घेत नाही, धास्ती घेते.

मला मात्र ते गप्प राहणं ओळखीचं वाटलं. त्या मुलीच्या घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीची नातलग. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. प्रश्न मराठीत ऐकायचा, कोरकूत समजून घ्यायचा, कोरकूत सुचलेलं पुन्हा मराठीत आणायचं. याला अनुवादच म्हणतात. मला एका परिच्छेदासाठी सबंध दुपार मिळते, खोडायची सोय असते आणि वर नावही छापून येतं. त्या मुलीला एक सेकंद मिळतो आणि ‘कच्ची’ हा शेरा.

‘थांबायला शिका’ असं शिक्षकांना प्रशिक्षणात सांगणं सोपं आहे. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरतात. वर्ग पाच, शिक्षक दोन, आणि कागदावर सगळं ठीक. थांबण्यासाठी लागणारी उसंत या हिशेबात कुठेच धरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी एक वेगळी गोष्ट केली. प्रश्न फळ्यावर लिहिला आणि म्हणाल्या, “आधी शेजारणीला तुमच्या भाषेत सांगा, मग मला मराठीत.” खोलीत कोरकूचा गलका उठला. तेवढ्यात त्यांच्या पहिलीच्या पाट्या तपासून झाल्या. कालच्या मुलीने अडखळत, दोन शब्द कोरकूतलेच ठेवून उत्तर दिलं. ते बरोबर होतं.

“हे रोज का नाही करत?” मी विचारलं.

“गलका होतो हो,” त्या दाराकडे पाहत म्हणाल्या. “तपासणीला कुणी आलं तर म्हणतील, मॅडमना वर्ग सांभाळता येत नाही.”