चित्रापुढें उभे राहतांना

मुंबईच्या काळा घोडा भागांतील जहांगीर कलादालन १९५२ सालीं उघडलें. तेथें प्रवेशास पैसा पडत नाहीं. तरीहि नव्या चित्रांपुढें आम्ही सुशिक्षित मंडळी परक्याच्या ओसरीवर आल्यासारखे अवघडून उभे राहतों. ‘हें काय काढलें आहे?’ हा आमचा पहिला प्रश्न. यमनाची आलापी ऐकतांना तिचा अर्थ आम्हीं कधीं विचारला आहे काय? मग जी सवलत स्वरांना, ती रंगांना कां नसावी?

कारण संवयीचें आहे. आमच्या भिंतींवर रविवर्म्याच्या छापील चित्रांनीं राज्य केलें. चित्र म्हणजे ओळखीची कथा, आणि शिल्प म्हणजे चौकांतला पुतळा, हें समीकरण मनांत पक्कें बसलें. १९४७ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपनें तें मोडूं पाहिलें. त्यांत रझा, हुसेन यांच्याबरोबर चित्रकार गाडे होते, आणि शिल्पकार एकटे सदानंद बाकरे. हीं तर आमच्याच घरांतलीं नांवें! पण किती मराठी घरांत तीं उच्चारलीं जातात?

मुलांस आम्ही गाणें शिकवितों, नाटकास नेतों. गळ्याप्रमाणें डोळ्यांनाहि रियाज लागतो; म्हणून एखाद्या रविवारीं त्यांस येथेंहि न्यावें, आणि अर्थ सांगण्याची घाई मात्र करूं नये.