सांगडीचा जमाखर्च

माझ्याजवळची बेस गिटार जातीने प्रिसिजन. म्हणजे लिओ फेंडर यांनी १९५१ साली जी विजेची बेस बाजारात आणली आणि १९५७ साली जिला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप, म्हणजे तारेचे कंपन टिपणारा चुंबक व कॉईलचा भाग, बसवला, त्या कुळातली ही एक स्वस्त, दूरची आणि आशियाई कारखान्यात जन्मलेली नातलग. तिचा आवाज गोल आणि भरीव आहे. जेम्स जेमरसन यांनी मोटाउनच्या गाण्यांत १९६२ सालच्या प्रिसिजनवर, उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने, जे काम करून ठेवले ते ऐकल्यावर या आवाजात उणे काही आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु आमच्या हौशी वाद्यवृंदात सत्तरीच्या दशकातली हिंदी चित्रपटगीते वाजतात, आणि त्यांतल्या धावत्या, बोलक्या बेसच्या जागी माझे सूर ब्रास आणि ढोलकीच्या गर्दीत जाणवत असले तरी वेगळे ओळखू येत नसत. जॅको पास्टोरियस यांनी पडदे काढून टाकलेल्या आपल्या जॅझ बेसवर ब्रिजजवळच्या पिकअपातून जो नाकातला, काहीसा तक्रारखोर, पण स्वराचे टोक स्पष्ट दाखवणारा आवाज काढला, त्याचा निदान अंश तरी माझ्या वाद्याला लाभावा, अशी इच्छा त्यातून उद्भवली.

फेंडर यांची जॅझ बेस १९६० सालची. तिच्यासारखे दुसरे वाद्य विकत घेण्याची तरतूद घरच्या अंदाजपत्रकात नव्हती, आणि तशी दरखास्त पुढे मांडली असती तरी ती नामंजूर झाली असती हे मला पुरते ठाऊक होते. मंजुरी मिळाली ती एवढ्यालाच की, आहे त्या वाद्याच्या धडात, ब्रिजजवळ, जॅझ जातीचा एक जुना पिकअप बसवावा आणि दोहोंची सांगड घालावी. वादकांच्या बोलीत या जोडीला ‘पीजे’ म्हणतात, आणि तिचे चाहते जगभर आहेत. मात्र दोन उत्तम वस्तू जवळ आणून ठेवल्या की तिसरी उत्तम वस्तू आपोआप निष्पन्न होते, ही जी समजूत विक्रेत्यांनी पसरवलेली आहे तिचा फोलपणा या कामात पदोपदी प्रत्ययास येतो.

पहिला प्रश्न लाकडाचा. मूळ फेंडर मापात ब्रिजजवळचा जॅझ पिकअप मानेजवळच्या जोडीदारापेक्षा दोन-तीन मिलिमीटरांनी लांब असतो. स्वस्त प्रतींत पुष्कळदा दोन्ही एकाच मापाचे येतात. म्हणून खाच खोदण्याआधी पिकअप हाती असणे आणि त्याचीच कड पेन्सिलीने लाकडावर उतरवणे आवश्यक ठरते. आमच्या पेठेतल्या सुतारांनी वाद्य उलटसुलट करून पाहिले, धडावर नखाने टकटक केली आणि म्हणाले, “साहेब, वेळ लागला तरी चालेल, पण घाई मला सांगू नका. लाकूड एकदा गेलं की परत येत नाही.” त्यांनी राउटर यंत्राला हात न लावता पटाशीने कपच्या काढीत खाच खोल केली, कडा घासल्या, आणि त्या खाचेतून नियंत्रणाच्या पोकळीपर्यंत लांब पात्याच्या ड्रिलने तिरके भोक पाडले. पाते कोठे बाहेर येणार याचा अंदाज त्यांनी धडावर सुतळी ताणून घेतला होता, आणि ते नेमके तेथेच बाहेर आले. मजुरी त्यांनी जी सांगितली तीत घासाघीस करण्याची मला लाज वाटली.

दुसरा प्रश्न भोकांचा. प्रिसिजनच्या पांढऱ्या पत्र्यावर तीनच भोके असतात: एक आवाजाचे, एक टोनचे आणि एक जॅकचे. दोन पिकअपांना दोन स्वतंत्र आवाजनियंत्रणे द्यायची तर टोनला रजा द्यावी लागते, नाहीतर जॅकचे स्थलांतर करावे लागते. एकाच दांड्यावर एकात एक दोन बटणे असणारा पॉट, म्हणजे बटणाखालचा फिरता रोधक, हाही मार्ग आहे, आणि आरंभीच्या जॅझ बेसांना तसलेच पॉट होते. पण तो महाग, शिवाय इकडे सहसा मिळत नाही. ‘ब्लेंड’ नावाचा पॉट मला अनेकांनी सुचवला. त्यात बटण मध्यावर असता दोन्ही पिकअप पूर्ण चालू राहतात आणि एकीकडे वळवावे तसतसा दुसरा मावळतो. ही व्यवस्था देखणी आहे, पण दोन पूर्ण आवाजांच्या बेरजेलाच ती मध्यबिंदू मानते, आणि ती बेरीज माझ्या कानाला फारशी रुचत नाही, याचे कारण पुढे येईलच. मी जॅक धडाच्या कडेला हलवला आणि दोन आवाज व एक टोन अशी रचना पक्की केली.

सुट्या भागांसाठी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात गेलो. परदेशी आकृत्यांत २५० किलोओहमचे पॉट लिहिलेले असतात. दुकानदारांनी ते नाव ऐकताच मान हलवली आणि २२०चे काढून पुढ्यात ठेवले. “लॉग की लिनिअर?” एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि माझ्या ‘लॉग’ या उत्तरावरून गिऱ्हाईक अगदीच कच्चे नाही अशी त्यांची खात्री झाली असावी. अशा पॉटांत छापलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष मूल्य वीस टक्क्यांनी इकडेतिकडे असणे हा नित्याचा प्रकार असल्यामुळे २५० आणि २२० यांतल्या फरकावर झोप उडवण्याचे कारण नसते. टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. त्याच्या अंगावर नुसते ‘४७३’ छापलेले असते आणि किंमत चहापेक्षा कमी. याच कपॅसिटरच्या विंटेज अवतारांसाठी लोक हजारो रुपये मोजतात, हे पाहून मला नेहमी अचंबा वाटत आला आहे.

वायरिंगमध्ये एक तपशील असा की, दोन आवाजांचे पॉट नेहमीच्या पद्धतीने जोडले तर एक शून्यावर नेताच दुसराही मुका होतो, कारण शून्यावर आलेला पॉट सामाईक वाटच जमिनीला टेकवतो. पिकअपची तार पॉटच्या मधल्या पायाला आणि बाहेर जाणारी तार कडेच्या पायाला, अशी अदलाबदल केली की दोघे परस्परांच्या कारभारातून मुक्त होतात. याला पैसा लागत नाही.

खरी कसोटी पुढे होती. दोन भिन्न कारखान्यांचे पिकअप एकत्र आणताना त्यांच्या कॉईलची दिशा आणि चुंबकाचे ध्रुव जुळतीलच अशी हमी कोणी देत नाही. ते विरुद्ध पडले तर दोन्ही चालू करताच खालचा स्वर कोणी गिळून टाकावा तसा नाहीसा होतो, कारण तारेचे मूळ आंदोलन दोन्ही ठिकाणी एकाच दिशेने होत असते आणि एकाची अधिक खूण दुसऱ्याची उणे ठरते. वरचे उपस्वर मात्र जागोजाग वेगळ्या दिशांनी हलत असल्यामुळे काही अंशी वाचतात आणि आवाज टेलिफोनातून आल्यासारखा कृश होतो. हे सोल्डर करण्यापूर्वीच कळते. सुईचा जुना मल्टीमीटर पिकअपच्या दोन तारांना लावावा, पिकअपच्या चुंबकावर पेचकस टेकवावा आणि झटक्यात उचलावा. सुई ज्या बाजूला उसळेल ती बाजू टिपून ठेवावी. प्रिसिजनच्या दोन्ही तुकड्यांवर सुई उजवीकडे गेली, कारण त्यांचे वेढे उलट आणि चुंबकही उलट, म्हणून संकेत एकाच खुणेचा आणि बाहेरचा गुणगुणाट मात्र परस्परांत विरणारा. जॅझवर ती डावीकडे गेली. त्याच्या दोन तारांची अदलाबदल केली, पुन्हा पेचकस उचलला, आणि सुई उजवीकडे आली.

त्यानंतर उरला तो उंचीचा मामला, आणि माझ्या मते सर्व सांगडीचे मर्म येथेच आहे. ब्रिजपाशी तारेचा झोका आखूड असतो, त्यामुळे तेथला पिकअप जात्याच दुबळा. उलट प्रिसिजनच्या दोन कॉईल एकामागून एक जोडलेल्या, त्यांचा रोध साधारण दहा-अकरा किलोओहम, जॅझचा सात-आठ. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरून मी प्रिसिजन खाली उतरवला, जॅझ वर चढवला, आणि तार व चुंबक यांमधले अंतर रुपयाच्या दोन नाण्यांनी मोजले. स्क्रूचे अर्धे वळणही ऐकू येते. या कामी लागतो तो केवळ पेचकस. तरीही दुबळ्या आवाजाचे खापर पिकअपच्या माथी फोडून नवा घेणारे वादक मी पाहिले आहेत.

दोन्ही पूर्ण उघडले असता जो आवाज येतो तो मधल्या पट्ट्यात पोकळ असतो, कारण दोन ठिकाणांहून उचललेले काही उपस्वर एकमेकांना छेद देतात. घरात एकट्याने वाजवताना तो फार गोड वाटतो; वाद्यवृंदात उभे राहिले की तोच हरवतो, कारण कान ज्या पट्ट्यात बेसला शोधतो तेथेच खड्डा पडलेला असतो. प्रिसिजन पूर्ण ठेवून जॅझ थोडासा मागे घेतला की खड्डा भरून येतो आणि स्वराला टोक मात्र राहते. माझ्या बटणावर ती जागा सहा आणि सातच्या मध्ये कोठेतरी आहे. ढोलकीवाल्यांनी ती ऐकून “आज बेस बोलतोय” असा शेरा दिला.

गुणगुणाट मात्र पूर्णपणे गेलेला नाही. प्रिसिजन आपली व्यवस्था आपल्यातच लावतो, पण जॅझ एकाच कॉईलचा. गणेशोत्सवाच्या मांडवात डिमर आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइटी यांच्या सान्निध्यात तो एकटा उघडला की पन्नास हर्ट्झचा सूर लावून बसतो. खाचांना तांब्याची चिकट पट्टी आतून लावल्याने चरचर कमी झाली. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल स्वस्त पडली असती, पण तिच्यावर साधे सोल्डर धरत नाही. रोहित्राच्या चुंबकीय क्षेत्राला मात्र तांबे दाद देत नाही. तेथे अंग थोडे तिरके करून उभे राहणे, किंवा प्रिसिजनची मात्रा वाढवून जॅझची घटवणे, एवढेच हाती उरते. एकावर एक दोन कॉईल असलेला, गुणगुणाट न करणारा जॅझ पिकअप मिळतो. त्याची किंमत विचारली तेव्हा ती सुताराची मजुरी धरून झालेल्या माझ्या एकूण खर्चाहून अधिक निघाली, सबब तो ठराव तूर्त तहकूब ठेवला आहे.