वाळवंटातील विजेचा ताळेबंद

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या पश्चिम भागात, कोलोरॅडो नदीपासून सुमारे ३० किलोमीटरवर, क्वार्ट्झसाइट नावाचे छोटे गाव आहे. उन्हाळ्यात तेथे रखरखीत ऊन आणि शुकशुकाट असतो. हिवाळा आला की मात्र उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशांतून हजारो निवृत्त माणसे आपापली चाकांवरची घरे घेऊन येथे येतात. मोटारीमागे जोडून ओढत न्यावयाच्या अशा घराला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत बिछाना, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर असा सारा संसार असतो.

गावाच्या दक्षिणेस ला पोसा हे विस्तीर्ण सरकारी माळरान आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना घेऊन तेथे दीर्घ मुक्काम करता येतो. पाणी भरण्याची सामाईक सोय आहे. विजेची जोडणी मात्र नाही. ज्याने त्याने आपली वीज छपरावरील सौर पॅनेलमधून मिळवायची, बॅटरीत साठवायची आणि रात्री पुरवून वापरायची.

जानेवारीत येथे मुक्कामाला आलेल्या एका वृद्ध जोडप्याचा हा प्रसंग. पतीला झोपेत श्वासाला आधार देणारे यंत्र लागत असे. दिवसभर लख्ख ऊन पडूनही तिसऱ्या पहाटे ते यंत्र बंद पडले. पाठोपाठ हीटरचा पंखाही थांबला. हीटर गॅसवर चालतो, पण पंखा फिरल्याशिवाय त्याची ज्योत पेटत नाही. वाळवंटातील बोचरी थंडी आत शिरली. सकाळी दोघांपुढे दोनच मार्ग दिसत होते. शिलकीतून मोठी रक्कम काढून आणखी दोन पॅनेल घ्यावीत, नाहीतर मुक्काम सोडून घरच्या बर्फात परतावे.

शेजारच्या ट्रेलरमधील गृहस्थ आयुष्यभर विजेची कामे केलेले होते. त्यांनी खरेदी थांबवली. जमा किती, खर्च किती आणि गळती कोठे, हे मोजल्याशिवाय नवे भांडवल घालू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. एक साधा मल्टिमीटर घेऊन ते कामाला लागले.

पहिली तपासणी शिलकेची. शिसे-आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली आणि स्वस्थ असेल तर सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ ला ती निम्मी उरते आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी होते. निम्म्याखाली वारंवार उतरवल्यास तिचे आयुष्य घटते. सूर्यास्तानंतर तासाभराने, सर्व उपकरणे बंद ठेवून, त्यांनी आकडा घेतला. तो १२.३ होता. म्हणजे दिवसभराच्या उन्हानंतरही बॅटरी भरतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तपासणी छपरावर गेली. धूळ पुसून झाली. मग ध्यानात आले की वातानुकूलन यंत्राची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडते. पॅनेलमधील घटक साखळीसारखे जोडलेले असल्याने एका कोपऱ्यावरील सावलीही पुष्कळ उत्पन्न खाते. शिवाय डिसेंबरअखेरीस येथे सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर असतो. त्यामुळे सपाट ठेवलेल्या पॅनेलला, सूर्याकडे तोंड केलेल्या पॅनेलच्या मानाने निम्म्याहून थोडेच अधिक ऊन मिळते. ट्रेलरची दिशा बदलली आणि पॅनेलना दक्षिणेकडे कलते केले.

खरी गळती मात्र तारेत सापडली. भर उन्हात चार्ज कंट्रोलरच्या टोकाशी १४.४ व्होल्ट होते, तर त्याच क्षणी बॅटरीच्या टोकाशी १३.६. वाटेत ०.८ व्होल्ट हरवत होता. तार लांब आणि बारीक होती. एका जोडावर हिरवट गंज चढला होता आणि तो हाताला गरम लागत होता. कंट्रोलरला आपल्या दाराशी पूर्ण दाब दिसे, म्हणून बॅटरी भरत आली असे समजून तो प्रवाह कमी करी. वहीत रक्कम जमा दिसावी आणि तिजोरीत ती पोहोचू नये, तसाच हा प्रकार.

दुरुस्तीही क्रमाने झाली. आधी पॅनेलची जोडणी तोडली, मग बॅटरीची. हा क्रम उलटा केल्यास कंट्रोलर बिघडू शकतो. जोड घासून घट्ट केला, कंट्रोलर बॅटरीजवळ आणला आणि मधे आखूड, जाड तार घातली.

शेवटी खर्चाची बाजू. इन्व्हर्टर रात्रभर विनाकारण चालू राही. त्यावर काहीही नसताना तो सतत एक अँपिअर घेत होता. हिवाळ्याच्या लांब रात्रीत सुमारे १४ अँपिअर-तास. त्यांची बॅटरी २०० अँपिअर-तासांची, त्यातील १०० च वापरण्याजोगे. म्हणजे सातवा हिस्सा फुकट जात होता. श्वासाचे यंत्र इन्व्हर्टरऐवजी थेट १२ व्होल्टवर जोडले आणि त्यातील पाणी तापवण्याची सोय बंद केली. दोन दिवसांच्या उन्हानंतर पहाटे आकडा आला १२.३. हीटर चालू होता. पती शांत झोपला होता. खर्च झाला तो काही हात तारेचा.

गावाच्या दफनभूमीत दगडी पिरॅमिडच्या आकाराचे एक स्मारक आहे, माथ्यावर उंटाची आकृती. अमेरिकी सैन्याने १८५० च्या दशकात आणलेल्या उंटांबरोबर आलेला उंटपाल हाजी अली येथे १९०२ मध्ये निवर्तला. त्याच्या नावाचा उच्चार न जमल्याने लोक त्याला हाय जॉली म्हणत. वाळवंट ओलांडताना पाणी मोजून बरोबर घ्यावे लागते. आजच्या प्रवाशाला त्याच भूमीत वीज मोजावी लागते.

आपल्याकडे आता घरांच्या आणि दुकानांच्या छपरांवर पॅनेल दिसतात. तेथे उत्पन्न घटले तरी दिवे विझत नाहीत. वीज कंपनीचा पुरवठा उणीव भरून काढतो आणि दोष बिलात दडून राहतो. वाळवंटात तो त्याच रात्री उघडा पडतो. त्या जोडप्याच्या ट्रेलरमध्ये आता एक छोटी वही टांगलेली असते. त्यात रोज दोनच आकडे लिहिले जातात, सूर्यास्तानंतरचा आणि पहाटेचा.