खेळ संपला!

परवा रात्री दीड वाजता, बोरिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये, मी एका परक्या जगावरचं संकट टाळलं. सौ. घोरत होती, हारतुरे घेऊन कोणी आलं नाही.

खेळाचं नाव ‘द विचर ३’. पोलंडच्या मंडळींनी २०१५ साली काढलेला. कन्या नोकरीसाठी पुण्याला गेली आणि यंत्र आमच्या गळ्यात पडलं. गेराल्ट नावाचा पांढऱ्या केसांचा गृहस्थ राक्षस मारीत मारीत आपल्या मानसकन्येला, सिरीला, शोधतो, एवढीच गोष्ट. पण वाटेत एक म्हातारी भेटते आणि ‘माझा तवा तेवढा आणून दे’ म्हणते. मी तत्परतेने आणला.

“घरातला तवा कधी हलवला नाहीत!” सौ. म्हणाली.

शिट्टी वाजवली की घोडा हजर! जन्मभर लोकलची वाट पाहिलेल्या माणसाला याहून मोठी जादू कोणती?

चार महिन्यांनी मेख कळली. सिरीचं पुढे काय होणार, हे तलवारीवर नव्हे, आपण तिच्याशी कसे वागलो त्यावर ठरतं. चेटकिणींच्या बैठकीला ती निघाली, तेव्हा मी आपला “चल, मी येतो” म्हणून बसलो. ते उणे धरतात म्हणे! एकटीला जाऊ द्यायचं असतं. आधी तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळलो वगैरे, म्हणून निभावलं.

काल कन्येचा फोन आला. खोली बदलतेय म्हणाली. मागची खोली मीच ठरवली होती, घरमालकाशीही मीच बोललो होतो. ‘मी येतो’ अगदी ओठांवर आलं. गिळलं.

“तुझं तू बघ,” म्हटलं.

पलीकडे क्षणभर शांतता.

“बाबा, खेळ संपवलात वाटतं!”