बावरीची गोदावरी

सुत्तनिपात या पाली ग्रंथाचा शेवटचा भाग म्हणजे पारायनवग्ग. त्याच्या आरंभीच्या गाथांत पहिल्यांदा बुद्ध येत नाहीत, गोदावरी येते. कोसल सोडून दक्षिणापथात आलेला बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण अश्मक देशात तिच्या काठी राहतो. सरवा वेचतो, फळं खातो, त्यावर गुजराण करतो. हे वाचताना मी पुस्तक मिटून बसलो. सायखेडा-चांदोरीवरून, नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यातून खाली पैठणकडे जातं ते हेच पाणी! बावरीचा आश्रम आमच्या निफाड तालुक्यात होता असं मी म्हणत नाही. तो बराच खालच्या अंगाला असणार. पण सरवा आमच्या ओळखीचा आहे. गहू काढून झाला की तापल्या ढेकळांतून वाकून एकेक ओंबी उचलायची, ओच्यात टाकायची, पुन्हा वाकायचं. या वग्गात पहिला भेटणारा माणूस असा वेचून खाणारा आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे भीती येते. यज्ञात सगळं देऊन बसलेल्या बावरीकडे एक ब्राह्मण पाचशे नाणी मागतो. मिळत नाहीत, तेव्हा शाप देतो: सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकलं होतील. बावरीचं अन्न सुटतं. उत्तरेत बुद्ध आहेत असं कळल्यावर तो आपल्या सोळा शिष्यांना धाडतो. अजित, पुण्णक, मोघराज, पिंगिय आणि बाकीचे निघतात. पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, श्रावस्ती... गाथा गावं घेत चालते, आणि मला तिचा हाच भाग सर्वांत प्रिय आहे. अखेर बुद्ध सांगतात, डोकं म्हणजे अविद्या, ते फोडणारी विद्या. म्हाताऱ्याची भीती तिथे संपते.

आमच्या शेजारच्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मधली एकवीस वर्षंही मला त्या सोळा जणांच्या वाटेसारखीच दिसतात. प्रश्न आमच्या मुलखातून निघाला आणि लांबचं अंतर तुडवून उत्तराला पोचला.

वर्षावासात विहारांतून बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. सुत्तनिपातही धर्मानंद कोसंबींनी मराठीत आणून ठेवला आहे. आषाढ पौर्णिमेची एक संध्याकाळ तालुक्यातल्या विहारांनी बावरीला द्यावी. गाथा मोठ्याने वाचाव्यात, आणि वाटेवरची गावं पोरांकडून म्हणवून घ्यावीत, पैठणपासून.