भिगवणच्या पाण्यावर दोन कॅमेरे

थंडी सरता सरता पुणे-सोलापूर रस्त्याने जाणे झाले, तर भिगवणला जरूर उतरा. तिथून कुंभारगाव नि डिकसळ जवळच. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि कितीतरी गावे, पिकती राने पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ अजूनही पाणी फार हटले की वर येते. त्याच फुगवट्याच्या उथळ पाण्यात आता रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंबही दिसतात.

आम्ही पहाटेच होडीत बसलो. भाच्याजवळ लेन्स बदलायचा कॅमेरा होता, माझ्याजवळ एकाच लेन्सचा, लांबचे जवळ आणणारा. नावाडी तरुण पोरगा. दोन हंगामांची मिळकत गाठीला बांधून होता. म्हणाला, "काका, मला कॅमेरा घ्यायचाय. ह्यातला कुठला घेऊ?"

मी म्हटले, आधी बघ तर खरे.

धुके होते तोवर भाच्याची सरशी. चित्र टिपणारा आतला तुकडा, ज्याला सेन्सर म्हणतात, तो माझ्या कॅमेऱ्यात जेमतेम ६ मिलिमीटर रुंद, त्याच्या कॅमेऱ्यात सुमारे २३. कमी उजेडात हा फरक लगेच कळतो. त्याचे फोटो स्वच्छ, माझे रवाळ. बाजरीचे पीठ सांडल्यासारखे म्हणा ना!

ऊन पडले आणि पारडे फिरले. नावाड्याने इंजिन लांबच बंद केले, कारण जवळ गेले की थवा उठतो. भाच्याच्या ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून रोहित चिंचोक्याएवढे. मी झूम ओढला, तर त्याची वाकडी चोच आणि पिवळा डोळासुद्धा दिसला. मात्र थवा उडाला तेव्हा माझा कॅमेरा फोकस शोधत बसला आणि हाती निव्वळ आभाळ लागले. भाच्याला तीन-चार फोटो छान मिळाले.

मग त्याला सगळा जलाशय एका फोटोत घ्यायचा होता. डुलत्या होडीत, वाऱ्यात त्याने लेन्स बदलली. धूळ आत गेली ती गेलीच. पुढच्या प्रत्येक फोटोत आभाळावर काळा ठिपका. असली अदलाबदल काठावर, वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून करावी. दहानंतर पाण्यावर ऊन थरथरू लागले, तेव्हा दोघांनीही कॅमेरे पिशवीत टाकले.

परतताना मी नावाड्याला विचारले, "तुला फोटो कशाचे काढायचेत?"

"होडीतल्या पाहुण्यांचे, अन् पाखरांचे."

"मग माझ्यासारखा घे. वापरलेला चालेल, पण चार्जिंग किती टिकते आणि झूम पुढे-मागे अडकतो का, ते बघ. कर्ज काढू नकोस."

"अन् गावात लग्नाच्या सुपाऱ्या मिळाल्या तर?"

तर गोष्ट निराळी. रात्रीच्या मांडवात भाच्याचाच कॅमेरा कामाचा. पण दुकानदार सांगतो ती किंमत निव्वळ सुरुवात असते, नांगर-रोटर सोडून नुसता ट्रॅक्टर घ्यावा तशी. पाखरांसाठी चांगली लांब लेन्स कॅमेऱ्याहूनही महाग पडते.

तो काही बोलला नाही. होडी काठाला लावून माझा कॅमेरा मागून घेतला आणि पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या आपल्या आईवर झूम लावून हसत बसला.