चतुःसीमा

मनुष्य आयुष्यात पुष्कळ गोष्टी विकत घेतो. परंतु पहिले घर घेताना तो जितका हर्षतो आणि जितका भितो, तितका अन्य प्रसंगी क्वचितच. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, गृहिणीचे मोडलेले दागिने, बँकेचे वीस वर्षांचे कर्ज, एवढे सारे एका सहीमागे उभे असते. म्हणूनच आमच्या धर्मग्रामातील कुटुंबे कागदांची पिशवी घेऊन येतात आणि ‘फादर, जरा नजर घाला’ म्हणतात, तेव्हा त्यांना रिक्त हस्ते परत पाठवणे आमच्या जिवावर येते. आम्ही वकील नव्हे, आणि त्यांनी वकिलाकडे जावेच असा आमचा आग्रह असतो. तथापि एक प्रश्न आम्ही प्रत्येकास विचारतो : ही जमीन आधी कोणाची?

हा प्रश्न शहापूर-मुरबाडच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. मुंबई, ठाणे, वसई येथील दर आवाक्याबाहेर गेल्यामुळे सामान्य कुटुंबाची दृष्टी कल्याणपलीकडे वळते. वासिंद, आसनगाव, आटगाव येथे लोकल थांबते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. तोही शहापूर तालुक्यातूनच जातो. मुरबाडला अद्याप आगगाडी पोहोचलेली नाही. पण जाहिरातींचे फलक केव्हाच पोहोचले आहेत. ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ असे त्यांवर लिहिलेले असते. कोणत्या वाहनाने, ते लिहिलेले नसते.

वाचकहो, या दोन्ही तालुक्यांतील कित्येक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६अ अन्वये आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून घेता येत नाही, आणि कायमच्या विक्रीस राज्य शासनाचीही पूर्वमान्यता लागते. शिवाय कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे, जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन परवानगीविना विकत घेता येत नाही. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. त्यात अलीकडे सवलती झाल्या असल्या तरी आपल्या गट क्रमांकास त्या लागू आहेत काय, हे महसूल कचेरीतच विचारावे. ‘एन.ए. होणार आहे’ आणि ‘एन.ए. झाले आहे’ या दोन वाक्यांत एका कुटुंबाची सारी पुंजी बुडू शकते.

सातबारा वाचताना पुष्कळजण केवळ मालकाचे नाव पाहतात. त्याखालचा ‘इतर हक्क’ हा रकाना अधिक बोलका असतो. कुळाचे नाव, बँकेचा बोजा, विक्रीवरील निर्बंध तेथे नोंदलेले असतात. भोगवटादार वर्ग २ असे लिहिलेले असेल, तर हस्तांतरणास परवानगी लागते हे ओळखावे. जुने फेरफार काढावेत, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे गेली याची वंशावळच समोर येते. कोणी केवळ कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार उरकू म्हणेल, तर नम्रपणे उठून यावे. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केलेले आहे.

सदनिका घेणाऱ्यांस थोडे अधिक संरक्षण आहे. १ मे २०१७ पासून महारेरा अस्तित्वात आले. कायद्यानुसार करारनामा नोंदवल्याखेरीज विकासकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि क्षेत्रफळ चटई क्षेत्रानुसारच सांगावे लागते. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच कसला?

आणि पाणी विचारावे. तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणे याच तालुक्यात आहेत; मुंबईची तहान त्यांच्यावर भागते. तरीही उन्हाळ्यात शहापूरच्या अनेक पाड्यांवर टँकरची वाट पाहणारे हंडे रांगेने मांडलेले दिसतात. घर पाहण्यास श्रावणात जाऊ नये, मे महिन्यात जावे.

पण ‘जमीन कोणाची’ हा प्रश्न केवळ आपली फसगत टाळण्यासाठी नाही. या परिसरातील कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. मुलाबाळांसह माती तुडवून, साच्यात घालून ती विटा पाडतात, आणि त्या विटांतून इतरांची घरे उभी राहतात. त्यांतील कित्येकांच्या झोपडीखालची जमीन मात्र त्यांच्या नावावर नसते. पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असूनही सातबारा दुसऱ्याचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम जनमन’ योजनेतून अशा आदिम जमातींना पक्क्या घरासाठी साहाय्य मिळते. परंतु घर बांधण्यास पायाखाली जागा लागते. ज्याला जागा नाही, त्याने मंजूर झालेले घर कोठे उभारावे? आपला स्वस्त भूखंड जर अशा कोणाच्या अज्ञानाच्या किंवा कर्जाच्या बळावर स्वस्त झाला असेल, तर तो स्वस्त म्हणता येणार नाही. त्याची उरलेली किंमत दुसरा कोणीतरी भरत असतो.

पवित्र शास्त्रात उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात एका खरेदीची हकीकत आहे. आब्राहाम हेब्रोनात उपरा होता. पत्नी सारेच्या दफनासाठी त्याला जागा हवी होती. एफ्रोन ती फुकट देऊ लागला; आब्राहामाने ती घेतली नाही. वेशीवर जमलेल्या सर्वांच्या देखत त्याने चारशे शेकेल रुपे तोलून दिले. शेत, त्यातील गुहा आणि सभोवारच्या हद्दीतील झाडे, सारे त्या व्यवहारात नोंदले गेले. आजच्या खरेदीखतात ज्याला आपण चतुःसीमा म्हणतो, तीच ही. पुरे मोल, उघड व्यवहार, स्पष्ट हद्द : उपऱ्या माणसाने नव्या गावात पाय कसा ठेवावा, हे त्याच्याकडून शिकावे.

शहापूर-मुरबाडात घर घेणारे आपणही तेथे उपरेच असणार. तेव्हा सही करण्यापूर्वी एक दिवस त्या गावात घालवावा. ग्रामपंचायतीत जावे, शेजारच्या पाड्यावर बसावे, चहूबाजूंना कोण राहते ते नावानिशी विचारावे. खरेदीखतात पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस अशा चार ओळी असतात. त्या ओळींत गट क्रमांक लिहिलेले असतात, पण तेथे माणसे राहतात. त्यांना उजळ माथ्याने भेटता येईल, असे घर घ्यावे. मग ते दोन खोल्यांचे असले तरी पुरे.